रानवाटेची पिकअप : कच्च्या रस्त्यासाठी व मुक्कामासाठी गाडीची सिद्धता

परतीचा पाऊस ओसरतो, रब्बीच्या पेरण्या उरकतात आणि मधमाश्या पाळणारा शेतकरी आपल्या पेट्या हलविण्याच्या तयारीस लागतो. जिकडे फुलोरा तिकडे वसाहत, हा या धंद्याचा नियमच होय. आज सूर्यफुलाचे रान, तर काही आठवड्यांनी मोहरीचे किंवा धन्याचे. पेट्या रात्रीच हलवाव्या लागतात. कारण दिवसभर बाहेर गेलेल्या माश्या सायंकाळी घरी परतल्यावरच पेटीची दारे बंद करता येतात. गाडी डांबरी रस्ता सोडून पाणंदीला लागते ती वेळ बहुधा मध्यरात्रीची असते. पेट्या उतरविल्यावर त्या सांभाळण्यासाठी धन्याला तेथेच रानात मुक्काम करावा लागतो.

कांदा, द्राक्षे वा आंबा घेऊन दूरच्या बाजारपेठेस जाणाऱ्या शेतकऱ्याचीही अवस्था फारशी निराळी नसते. त्याची पिकअप ही दिवसा मालाची गाडी आणि रात्री बिऱ्हाड असते. अशी गाडी खडतर वाटेसाठी व मुक्कामासाठी कशी सिद्ध करावी, कोणते फेरफार उपयोगी आणि कोणते घातक, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गाडी शेतासाठीच जन्मली

मोटार कारखान्यात तयार झालेल्या पिकअपचा आरंभ १९२५ साली अमेरिकेत झाला. फोर्ड कंपनीने आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस मागील बाजूस मालाचा हौदा जोडून ती विक्रीस आणली. पुढे १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियातील गिलाँग येथे त्याच कंपनीने ‘यूट’ नावाची गाडी काढली. एका शेतकऱ्याच्या पत्नीने कंपनीकडे मागणी केली होती की, रविवारी प्रार्थनेस जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारास नेता यावीत अशी एकच गाडी करून द्या. त्या मागणीतून ही गाडी निघाली, असे सांगितले जाते. आज अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात हौशी लोक अशा गाड्यांवर तंबू चढवितात, मोठी चाके बसवितात आणि वाळवंटात व डोंगरांत आठवडेच्या आठवडे हिंडतात. ती हौस आता सह्याद्रीच्या वाटांवरही दिसू लागली आहे. हौशी माणसाची गाडी अडली तर त्याची सुटी वाया जाते. शेतकऱ्याची गाडी अडली तर बंद पेट्यांतील वसाहती सकाळच्या उन्हात गुदमरून मरतात. म्हणून त्यांचे चांगले तेवढे घ्यावे आणि दिखाऊ ते सोडून द्यावे.

प्रथम वजनाचा हिशेब

गाडीला काहीही जोडण्यापूर्वी नोंदणी प्रमाणपत्र हाती घ्यावे. त्यावर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह कमाल वजन असे दोन आकडे असतात. समजा, रिकामे वजन १,७०० किलो व कमाल वजन २,९०० किलो आहे. म्हणजे १,२०० किलो भार नेता येईल. मेलिफेरा जातीच्या माश्यांची एकमजली भरलेली पेटी २८ किलोची धरली, तर ४० पेट्यांचे १,१२० किलो होतात. वरवर पाहता हिशेब बसला. परंतु रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो. चालक व सोबती यांचे १३० किलो, आणि पाणी, अंथरूण, शिधा व हत्यारे यांचे १०० किलो वजा करता ९७० किलोच उरतात. म्हणजे पेट्या ३४ भरतात, ४० नव्हेत. मुक्कामाच्या सोयीसाठी जोडलेली प्रत्येक लोखंडी पट्टी मालाच्या वजनातून कमी होते, हे नित्य ध्यानात ठेवावे.

जादा पाटे बसविले म्हणजे जादा भार नेता येतो, ही समजूत चुकीची आहे. पाट्यांनी हौदा खाली बसत नाही इतकेच. आस, ब्रेक व टायर यांची शक्ती होती तेवढीच राहते. शिवाय पाटे फार ताठ झाले की रिकामी गाडी खड्ड्यांवर उड्या मारते आणि चाकाची जमिनीवरील पकड सुटते.

उंचीचा मोह

टपावर लोखंडी जाळी करून तीवर सामान रचण्याची प्रथा फार बोकाळली आहे. तिचा परिणाम आकड्यांनी पाहू. रिकाम्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे आणि दोन चाकांमधील रुंदी १४० सेंटिमीटर आहे, असे समजू. अशी गाडी कागदी हिशेबाने ४५ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत कलंडणार नाही. आता २ मीटर उंचीवर २०० किलो सामान ठेवले, तर गुरुत्वमध्य सुमारे ८४ सेंटिमीटरवर जातो आणि कलंडण्याची मर्यादा ४० अंशांवर येते. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर चेपतात, माल सरकतो व वळणावर गाडी बाहेर ओढली जाते. त्यामुळे खरी मर्यादा याहूनही पुष्कळच कमी असते. बांधावरून एक चाक चढवून गाडी काढताना एवढा फरक घात करण्यास पुरेसा आहे.

सबब जड सामान हौद्याच्या तळाशी व मागच्या आसाच्या पुढे ठेवावे. पाण्याचे कॅन व हत्यारांची पेटी चालकाच्या खोलीस लागून असावी. टपावर ठेवायचेच झाले तर चटई, रिकामे बारदान अशा हलक्या वस्तूच ठेवाव्यात. पेट्या दोरखंडाने घट्ट आवळाव्यात, आणि चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने राहतील अशा लावाव्यात. म्हणजे गतिरोधकाच्या धक्क्याने चौकटी एकमेकींवर आदळून माश्या चिरडत नाहीत.

टायर आणि हवा

खडतर वाटेसाठी सर्वांत लाभदायक खर्च कोणता, असे विचारल्यास चांगले टायर हेच उत्तर द्यावे लागेल. खोल व रुंद खाचांची नक्षी असलेले, परंतु उत्पादकाने ठरविलेल्या मापाचेच टायर घ्यावेत. मोठ्या मापाचा मोह टाळावा. टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला, तर काटा ताशी ६० दाखवीत असता गाडी ६३ ने धावत असते; ब्रेकचा जोर तुलनेने कमी पडतो आणि वळविताना टायर मडगार्डला घासतो.

वाळूत किंवा भुसभुशीत मातीत हवा थोडी कमी केल्यास टायर पसरतो व रुतणे कमी होते. मात्र हा उपाय हलक्या भाराच्या गाडीसाठी, सावकाश चालीसाठी व थोड्या अंतरासाठीच आहे. डांबरी रस्त्यास लागण्यापूर्वी हवा पूर्ववत भरलीच पाहिजे. अन्यथा टायर तापून फुटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप व हवा मोजण्याचे मापक गाडीत असावे. हे जवळ नसल्यास हवा सोडूच नये.

काळी माती व रुतलेली गाडी

आपल्या काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी शोषून फुगते व टायरच्या खाचांत गच्च बसते. मग कितीही उत्तम नक्षीचा टायर गुळगुळीत होऊन जातो. आपल्याकडील बहुतेक पिकअपना केवळ मागील चाकांतून ओढ मिळते, आणि त्यातही फिरक्या दातेरी पेटीच्या रचनेमुळे ज्या चाकास विरोध कमी तेच अधिक फिरते. एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे कोरड्यावर स्वस्थ उभे राहते, याचे कारण हेच.

अशा वेळी जोर देत राहिल्यास चाक स्वतःचाच खड्डा खोदते. चाक फिरू लागताच थांबावे. फावड्याने चाकापुढील माती उतरती काढावी, खाली बारदान, तुराट्या किंवा फळ्या घालाव्यात आणि खालच्या गियरमध्ये हळुवार निघावे. याकरिता फावडे, पहार, दोन मजबूत फळ्या, जॅक व जॅकखाली ठेवावयाचे रुंद लाकूड हे साहित्य गाडीत कायम असावे. लाकडाविना जॅक मऊ जमिनीत गाडीऐवजी स्वतःच खाली जातो.

ट्रॅक्टरने ओढावयाचे झाल्यास दोर गाडीच्या सांगाड्यास असलेल्या कडीलाच बांधावा, बंपरला कधीही बांधू नये. तुटलेला दोर किंवा साखळी चाबकासारखी उसळते. तेव्हा दोरावर मधोमध ओले बारदान टाकावे आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभे करावे.

पाणी ओलांडताना

वाहत्या पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावर गाडी घालू नये, हा नियम बिनअपवाद पाळावा. पाण्याचा जोर व खालची खचलेली फरशी रात्री दिसत नाही. संथ व उथळ पाणी असेल तरी आधी काठीने खोली पाहावी. चाकाच्या मध्यापेक्षा अधिक पाणी असल्यास वाट पाहावी. इंजिनात हवेच्या मार्गाने पाणी शिरले, तर ते हवेप्रमाणे दाबले जात नाही आणि आतील दांडे वाकतात. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. गाडी ओढून बाहेर काढून कारागिरास दाखवावी.

हौद्यातील बिऱ्हाड

पेट्या उतरविल्यावर रिकामा हौदा हे निजण्यास उत्तम स्थान आहे. हौद्याच्या लांबीच्या दोन-तीन फळ्या, त्यांखाली सामानाच्या पेट्या, वर जाड सतरंजी आणि कमानीवर ताणलेली ताडपत्री, एवढ्यात काम भागते. ताडपत्री दोन्ही अंगांनी उघडी राहील अशी बांधावी. आणि मच्छरदाणी असावीच. तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात.

ही केवळ डासांपुरती गोष्ट नाही. मण्यार हा अतिविषारी साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसास चावतो. त्याच्या दंशाची वेदना इतकी अल्प असते की माणूस पुष्कळदा जागाही होत नाही. उंचावरील अंथरूण व खोचलेली मच्छरदाणी हे त्यावरचे स्वस्तातले संरक्षण आहे. पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास अशी लक्षणे दिसली, तर दंशाची खूण सापडो वा न सापडो, तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा रुग्णालय गाठावे. दोरी आवळणे, चिरा देणे, मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो.

दुसरा धोका थंडीतला. ताडपत्री बंद करून आत शेगडी ठेवल्यास कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहणाऱ्या द्रव्याशी तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोराने जखडला जातो आणि निजलेला माणूस निजलेलाच राहतो. स्वयंपाक व शेकोटी हौद्याबाहेर, गाडीपासून दूर व वाऱ्याच्या खालच्या अंगास करावी. गाडीचे इंजिन किंवा जनित्र चालू ठेवून झोपू नये.

दिव्यासाठी १० वॅटचा एलईडी पुरेसा आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तो पाच तासांत सुमारे ४ अँपिअर-तास वीज घेतो. तेवढ्याने चांगली बॅटरी उतरत नाही. मात्र बॅटरीपासून तार काढताना मुळाशीच फ्यूज बसवावा. उघडी तार घासून लागलेल्या आगीत गाडी व माल दोन्ही जातात.

मुक्कामाची जागा दिवसाउजेडी निवडावी. ओढ्याचे पात्र, वाळलेल्या फांद्यांखालची जागा, विजेच्या दिवसांत एकाकी झाड व उंच माळ ही टाळावीत. हातब्रेक ओढून, गियर टाकून चाकांस दगड लावावेत. वनहद्दीत वनखात्याच्या परवानगीविना मुक्काम करू नये.

कायद्याची मर्यादा

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होतील असे फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अनधिकृत फेरफाराबद्दल मालकास प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जादा भाराबद्दल २०,००० रुपये व वरील प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंड आहे. गाडीपुढे लावले जाणारे लोखंडी संरक्षक दांडे कलम ५२ च्या विरुद्ध असल्याचे केंद्र शासनाने २०१७ मध्ये राज्यांना कळविले आहे. म्हणून फळ्या, ताडपत्री, पेट्या असे काढता-घालता येणारे सामान वापरावे. कायमची बांधणी करावयाची झाल्यास परिवहन कार्यालयात आधी विचारणा करावी. चालत्या गाडीच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. बिऱ्हाड हे थांबलेल्या गाडीचे.

ग्रामसेवकांस विनंती

गावात पिकअप असणारे शेतकरी एकत्र करून एका रविवारी दोन तासांचे प्रात्यक्षिक योजावे. एक गाडी वजनकाट्यावर न्यावी, नोंदणी प्रमाणपत्रातील आकड्यांशी ते वजन ताडून पाहावे आणि फावडे व बारदान वापरून रुतलेली गाडी कशी काढावी ते दाखवावे. पुस्तकी उपदेशापेक्षा काट्यावरचा आकडा शेतकऱ्यास लवकर पटतो.

शेतकरी बांधवांनो, वाट खडतर आहे म्हणून गाडी उंच व अवजड करू नका; ती हलकी, बुटकी व नीटनेटकी ठेवा. चांगले टायर, एक फावडे, दोन फळ्या आणि एक मच्छरदाणी एवढ्या भांडवलावर माल सुखरूप पोहोचेल आणि धनीही सुखरूप घरी परतेल.