आपली गंगाजळी कुणाला ठाऊक आहे?

'गंगाजळी' हा शब्द आपण वर्तमानपत्रात वरचेवर वाचतो. रिझर्व्ह बँकेकडील परकीय चलनाच्या साठ्याला मराठी पत्रकार गंगाजळीच म्हणतात. ग्वाल्हेरला मात्र हा शब्द उच्चारला की जुन्या मराठी घरांतल्या माणसांना शिंद्यांचा खजिना आठवतो. युद्ध, दुष्काळ अशा अडीअडचणीसाठी शिंदे सरकारने राखून ठेवलेली ही ठेव. ती कोठे आहे आणि तिथवर कसे पोहोचायचे याची खूण, म्हणजे 'बीजक', फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक असे, आणि वारस जाणता झाला की ते त्याच्या कानात सांगत, असे तिथे सांगितले जाते.

१८५८ साली ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो १८८६ मध्ये शिंद्यांना परत मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये जयाजीराव महाराज निवर्तले. युवराज माधवराव तेव्हा दहा वर्षांचेही नव्हते. बीजक सांगायचे राहून गेले, आणि पुढे तो खजिना शोधावा लागला, अशी ती कथा आहे. यात आख्यायिका किती आणि इतिहास किती हे बाजूला ठेवू. पण हेच माधवराव मोठे झाल्यावर त्यांनी शिंद्यांचा पैसा उद्योगधंद्यांत घातला हे इतिहासात नोंदलेले आहे. १९०७ साली स्थापन झालेल्या टाटांच्या पोलाद कंपनीला खेळते भांडवल हवे होते, तेव्हा चार लाख पौंडांचे सगळे कर्जरोखे एकट्या ग्वाल्हेरच्या महाराजांनी घेतले.

हा राजवाड्यातला किस्सा आज सांगण्याचे कारण अगदी घरगुती आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. त्यामुळे विद्यार्थी, शेजारणी, नात्यातली मंडळी असा पुष्कळांचा मला एक प्रश्न असतो : घरच्या जमाखर्चासाठी कोणते सॉफ्टवेअर चांगले? त्यांना नाव हवे असते. मी आधी त्यांना एक उलट प्रश्न विचारते : ते उघडता येणारी घरात दुसरी व्यक्ती कोण आहे?

लष्करातली मावशी

माझी मावशी लग्न होऊन ग्वाल्हेरला गेली, त्याला आता पन्नास वर्षे होत आली. तिचे घर लष्कर भागात आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जिथे पडला, तिथेच पुढे ही वस्ती झाली, म्हणून नाव लष्कर. काका सरकारी नोकरीत, हिशेबाला अत्यंत काटेकोर. निवृत्तीनंतर त्यांनी संगणक घेतला आणि एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये घरचा सगळा व्यवहार चढवला. मुदतठेवी, विम्याचे हप्ते, पोस्टातले आवर्ती खाते, एवढेच काय, ग्वाल्हेरच्या मेळ्यातून मोटार घ्यायची म्हणून दरमहा बाजूला पडणारी रक्कमसुद्धा. (माधवरावांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या या मेळ्यात अनेक वर्षी वाहनांवरच्या करात सवलत मिळते, म्हणून तिथली मंडळी गाडीची खरेदी मेळ्यापर्यंत थांबवतात.) सॉफ्टवेअरला अर्थातच पासवर्ड होता.

२०२२ च्या थंडीत काका अचानक गेले. पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता. कंपनीने ते सॉफ्टवेअर केव्हाच बंद केलेले, त्यामुळे मदत मागायची तरी कुणाकडे? दिवसकार्य उरकेपर्यंत आरोग्यविम्याच्या हप्त्याची मुदत टळून गेली आणि मावशीचे नाव असलेली ती पॉलिसी संपुष्टात आली. सत्तरीच्या बाईला नवी पॉलिसी मिळणे किती अवघड आणि किती महाग, हे ज्यांनी प्रयत्न केला त्यांना विचारावे. "अगं, त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी पुसलं नाही," एवढेच मावशी म्हणाली. त्या घरात पैशाची चणचण नव्हती. पैसा कुठे आहे, हेच कळत नव्हते.

वाट सापडली ती मावशीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांत. दूध, गॅस, मोलकरणीच्या सुट्ट्या यांबरोबर ती त्या त्या तारखेच्या चौकोनात 'हे बँकेत, पावती नवी केली' असेही लिहीत असे. दहा-बारा वर्षांची कॅलेंडरे तिने गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. ती उलगडून, तारखा जुळवत, मावसभावाने तीन मुदतठेवी आणि पोस्टातले खाते शोधून काढले. काकांचा हिशेब कितीतरी चोख होता, पण उपयोगी पडली ती शिसपेन्सिलीने लिहिलेली टिपणे, कारण ती कुणालाही वाचता येत होती.

वहीतून संगणकात

हिशेबाची आपली परंपरा जुनी आहे. रोजच्या नोंदी कीर्दीत, मग त्या खातेवार खतावणीत, आणि शेवटी ताळेबंद. कन्नडमध्येही किर्दी, खाते आणि जमाखर्च हे शब्द रुळलेले आहेत, हे आपल्या भागातल्या वाचकांना सांगायला नको. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी नोंद करायची द्विनोंदी पद्धत इटलीतल्या लुका पाचोलीने १४९४ च्या ग्रंथात मांडली आणि ती युरोपभर पसरली. आजची बहुतेक हिशेबाची सॉफ्टवेअर्स याच पायावर उभी आहेत. आपल्या बंगळूरमध्ये १९८६ साली सुरू झालेली टॅलीसुद्धा. पण टॅली दुकानासाठी आणि कंपनीसाठी आहे. चार माणसांच्या घराला तिची गरज नाही.

घरासाठीच्या सॉफ्टवेअरचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला प्रकार झालेला खर्च नोंदवतो : महिनाअखेरीस किराण्यावर किती गेले, पेट्रोलवर किती, हे सांगतो. दुसरा प्रकार खर्च होण्याआधी पैशाची वाटणी करून घेतो. आपल्या आज्या किराणा, दूध, शाळेची फी अशा वेगवेगळ्या डब्यांत पैसे ठेवत, तीच ही रीत. गुडबजेट, वायनॅब ही नावे या दुसऱ्या प्रकारातली. वायनॅबला डॉलरमध्ये वर्गणी भरावी लागते. आपला पैसा कुठे जातो हेच कळत नसेल तर तीन महिने पहिला प्रकार वापरावा. कळते पण आवरत नाही, असे असेल तर दुसरा.

निवडताना विचारायचे प्रश्न

१. नोंदी कुठे राहतात? काही सॉफ्टवेअर्स माहिती आपल्याच संगणकावर ठेवतात, काही कंपनीच्या सर्व्हरवर. १९९८ पासून उपलब्ध असलेले ग्नूकॅश पहिल्या प्रकारचे आहे. ते फुकट आहे, द्विनोंदी पद्धतीचे आहे, आणि सीमाभागाच्या दृष्टीने विशेष म्हणजे त्याचे मराठी आणि कन्नड अशी दोन्ही भाषांतरे आहेत. मात्र ते शिकायला थोडी चिकाटी लागते, आणि फाईलची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर ठेवण्याची जबाबदारी आपली.

२. सॉफ्टवेअर बंद पडले तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. मायक्रोसॉफ्टने 'मनी' या आपल्या सॉफ्टवेअरची विक्री २००९ मध्ये थांबवली. अमेरिकेत लाखो लोक वापरत असलेले 'मिंट' मार्च २०२४ मध्ये बंद झाले. म्हणून आपल्या सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये उघडेल अशा साध्या फाईलमध्ये बाहेर काढता येतात की नाही, हे पहिल्याच आठवड्यात करून पाहावे. दहा वर्षांच्या नोंदी झाल्यावर नव्हे.

३. फुकट असेल तर कंपनीचे पोट कशावर चालते? ग्नूकॅश स्वयंसेवक तयार करतात. पण मोबाईलवरची बरीच अॅप्स कंपन्यांची असतात. बँकेचे एसएमएस वाचून खर्च मांडणारे 'वॉलनट' भारतात बरेच लोकप्रिय होते. २०१८ मध्ये ते कर्ज देणाऱ्या एका कंपनीने विकत घेतले. त्यात बेकायदा काही नाही. पण आपल्या मिळकतीची आणि ओढगस्तीची माहिती कर्ज देणाऱ्याकडे असणे म्हणजे काय, याचा विचार आपण करायचा. कर्जाच्या अॅपांनी मोबाईलमधले संपर्क आणि फोटो पाहू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. हिशेबाचे अॅप या गोष्टी मागू लागले तर त्याला नकार द्यावा.

४. बँकेशी जोडावे का? यासाठी 'अकाउंट अॅग्रिगेटर' ही रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची व्यवस्था सप्टेंबर २०२१ पासून चालू आहे. त्यात कोणती माहिती, कशासाठी, किती काळ द्यायची हे आपण ठरवतो आणि दिलेली संमती मागेही घेता येते. नेट बँकिंगचा पासवर्ड कुठल्याही अॅपला देण्यापेक्षा ही रीत सुरक्षित.

५. आपले व्यवहार त्यात बसतात का? भिशीचा एसएमएस येत नाही. दारावर येणाऱ्या माणसाकडे रोज भरायची पिग्मी, जी १९२८ साली उडुपीच्या बँकेने (पुढची सिंडिकेट बँक) सुरू केली आणि आपल्याकडे घराघरांत पोहोचली, तीही पुष्कळदा पासबुकातच राहते. भाजीबाजारातली रोकड, बहिणीला दिलेले उसने पैसे, हे सगळे हाताने लिहावे लागते. ज्यात हाताने नोंद करणे सोपे, ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचे.

६. भाषा कोणती? आमच्या सासूबाई धारवाडच्या. त्यांचा हिशेब कन्नडमध्ये, माझा मराठीत. त्यांच्या वहीत 'साल' हे सदर आहे. कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज, आणि मराठी वाचणाऱ्या नातीला ते वर्ष वाटते! म्हणून एका घरात दोन भाषा असतील तर सदरे सगळ्यांनी बसून ठरवावीत. आम्ही 'कर्ज/साल' आणि 'बचत/उळिताय' अशी जोडनावे केली आहेत. अत्तेंना आता मोबाईलवरची बेरीजही तपासता येते, आणि त्या ती तपासतातच.

कागदाचे एक पान

सॉफ्टवेअर कोणतेही घ्या, त्याच्या जोडीला एक छापील पान हवे. कोणत्या बँकेत कोणती ठेव, विमा कोणता, हप्त्याची तारीख कोणती, कर्ज कुणाचे, येणे कुणाकडे, वारस म्हणून नाव कुणाचे. पासवर्ड या पानावर लिहू नयेत. ते वेगळ्या बंद पाकिटात, आणि पाकीट कुठे आहे हे घरातल्या दोघांना माहीत असावे. दर तीन महिन्यांनी पान नवे छापावे आणि जुने फाडून टाकावे.

त्याच बैठकीत नॉमिनीची नावेही पाहून घ्यावीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. कितीतरी जुन्या खात्यांवर अजून दिवंगत आईवडिलांची नावे असतात. दहा वर्षे हात न लावलेल्या ठेवींची रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते, पण ठेव आहे हे आधी कळायला हवे. अशा ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे संकेतस्थळ सुरू केले. घरात कुणी वडीलधारे नुकतेच गेले असतील तर तिथे त्यांचे नाव घालून जरूर पाहावे.

आपल्याकडे पैशाचे बोलणे पुरुषाकडे आणि डब्यांचे बाईकडे, अशी वाटणी अजून पुष्कळ घरांत आहे. बायकोने विचारले तर अविश्वास वाटतो, मुलाने विचारले तर वाटणी मागतो आहे असे वाटते. म्हणून विचारायच्या आधीच सांगावे. येत्या रविवारी जेवणे झाली की अर्धा तास काढा. संगणक असो, मोबाईल असो की दोरीने बांधलेली वही, ती घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी उघडायला द्या, आणि पुढच्या हप्त्याची तारीख त्यांनाच शोधू द्या. नाही सापडली तर काय बदलायचे ते तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.