समांतर सॉफ्टवेअर-बांधणीतील बिघाड

मूळ संहितेच्या अनेक फाइलींवर एकाच वेळी काम चालवून त्यांतून वापरण्याजोगे सॉफ्टवेअर तयार करीत असता येणारे अपयश व त्याच्या कारणाचा शोध. लिनक्सवर हे काम बहुधा ‘मेक’ या साधनाने करतात. स्ट्यूअर्ट फेल्डमन यांनी ते बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तयार केले. लिनक्सवर त्याची ग्नू आवृत्ती प्रचारात आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये नोंदलेले असते. ‘जे’ हा पर्याय व त्यापुढे संख्या दिली असता तितकी कामे एकदम चालतात. ही कामे वस्तुतः स्वतंत्र प्रक्रिया असतात. त्यामुळे ‘बहुधागी बांधणी’ हे नाव सैलपणेच वापरले जाते.

अपयशाचे कारण पडद्यावरील शेवटच्या ओळीत क्वचितच सापडते. एक काम फसले, तरी आधीच सुरू झालेली इतर कामे संपेपर्यंत मेक थांबते आणि मूळ चूक त्यांच्या संदेशांखाली दडते. म्हणून प्रथम एकाच कामाची मर्यादा घालून बांधणी पुन्हा करावी. तीही फसल्यास संहितेतच चूक आहे किंवा एखादे ग्रंथालय उपलब्ध नाही, असे मानण्यास हरकत नाही. ती यशस्वी झाल्यास मात्र दोष समांतरतेशी निगडित असतो.

अशा दोषांत नोंदीतून सुटलेले अवलंबित्व हा सर्वांत फसवा होय. उदा., ‘याक’ हे साधन व्याकरणाच्या वर्णनावरून एक शीर्षफाइल निर्माण करते आणि शब्दविश्लेषकाच्या संहितेला ती लागते. मेकफाइलमध्ये हा संबंध लिहिलेला नसला, तरी एकेक काम चालताना शीर्षफाइल योगायोगाने आधी तयार होते. कामे एकदम सुरू झाली, की कंपायलर ती फाइल अस्तित्वात येण्यापूर्वीच मागतो. दुसऱ्या प्रयत्नात ती आयतीच सापडते व बांधणी पार पडते. यामुळे दोष नाहीसा झाल्याचा भ्रम होतो. खरा उपाय अवलंबित्व नोंदविणे हाच. पडताळणी स्वच्छ निर्देशिकेतून, म्हणजे पूर्वीच्या सर्व निर्मित फाइली काढून टाकून, करावी लागते. कामांचा क्रम मुद्दाम पिसणारा पर्याय ग्नू मेकच्या ४·४ या आवृत्तीत (२०२२) आला. असे दडलेले दोष उघडे पाडण्यास तो उपयुक्त आहे.

अर्धवट लिहिलेल्या फाइलीही घातक ठरतात. आज्ञा मध्येच फसली, तर तिने लिहिलेल्या फाइलीची वेळ नवी दिसते आणि मेक तिला पूर्ण समजते.

स्मृतीचा तुटवडा हे दुसरे कारण. सी++ मधील मोठ्या फाइलीच्या एका कामास एक गिगाबाइटहून अधिक स्मृती लागू शकते. ती संपल्यावर लिनक्सचा गाभा एखादी प्रक्रिया स्वतःच मारून टाकतो. कंपायलर ‘मारला गेला’ एवढेच कळते व खुलासा गाभ्याच्या नोंदवहीत मिळतो. येथे संहितेत दोष शोधणे व्यर्थ होय. कामांची संख्या घटवावी. ‘जे’पुढे संख्याच न दिल्यास मर्यादा राहत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

कामे वाढवून मिळणाऱ्या वेगासही सीमा आहे. जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार एकूण कामाचा दहावा भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर वेग दहापटीहून अधिक होत नाही. बांधणीच्या अखेरीस सर्व तुकडे जोडण्याचे काम बहुधा असेच असते.