उन्हाचा नकाशा आणि वस्तीचा नकाशा

ऊन सर्वांवर सारखेच पडते, असे आपल्याला शाळेपासून शिकवले जाते. आकाशातून पाहिले तर तसे दिसत नाही. एकाच शहरातील दोन वस्त्यांच्या जमिनीच्या तापमानात एकाच सकाळी कित्येक अंशांचा फरक आढळतो आणि हा फरक निव्वळ निसर्गाने केलेला नसतो. झाडे कोठे लावायची, रस्ता किती रुंद ठेवायचा, मैदान कोणाला द्यायचे आणि कचऱ्याचा डोंगर कोणाच्या दाराशी रचायचा, हे नगररचनेचे निर्णय असतात. त्या निर्णयांचा पुरावा आता उपग्रह गोळा करीत आहेत. तो पुरावा कोणाच्या बाजूने वापरला जाणार, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेतील उदाहरण चळवळीच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावे. तेथील सरकारने १९३३ साली होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन ही संस्था काढली. महामंदीत ज्यांची घरे गहाण पडली त्यांना सावरणे हे तिचे काम. या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालोखाल निळी, मग पिवळी, आणि 'धोकादायक' वस्ती लाल. दर्जा ठरवताना घरांच्या स्थितीबरोबरच तेथे कोणत्या वंशाचे लोक राहतात हेही अधिकारी लेखी नोंदवून ठेवीत. काळ्यांची वस्ती बहुतेक वेळा लाल रंगात गेली. लाल रंग म्हणजे कर्ज नाही. कर्ज नाही म्हणजे स्वतःचे घर नाही, दुरुस्ती नाही, महापालिकेचे लक्ष नाही. जमीन स्वस्त राहिली म्हणून पुढे महामार्ग आणि कारखानेही तिथूनच गेले. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने घरांच्या व्यवहारातील हा भेदभाव बेकायदा ठरवला. कागदावर प्रकरण मिटले.

२०२० साली हॉफमन, शंदास आणि पेंडलटन या तीन संशोधकांनी १०८ शहरांचे ते जुने नकाशे घेतले आणि त्यांवर लँडसॅट-८ या उपग्रहाने टिपलेले उन्हाळ्यातील तापमान ठेवले. ९४ टक्के शहरांत लाल वस्त्या इतर वस्त्यांपेक्षा अधिक तापलेल्या निघाल्या. सरासरी फरक २.६ अंश सेल्सियस. काही ठिकाणी तो ७ अंशांपर्यंत गेला. आठ दशकांपूर्वी एका कारकुनाने ओढलेली लाल रेघ आजही जमिनीतून वाफ बनून वर येते आहे!

(अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचून १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. केवळ सहानुभूती कळवून ते थांबले नाहीत, मूळ कागद मागितला. वकिलाची ही सवय आपण घेतली पाहिजे.)

आपल्याकडे असा रंगवलेला सरकारी नकाशा नाही. त्याची गरजच पडली नाही. गावकुसाबाहेरची वस्ती कोठे, हे प्रत्येकाला तोंडपाठ होते. शहरात गेल्यावर जात विरघळते, असे सांगणाऱ्या विद्वानांनी त्रिना विथयाथिल आणि गायत्री सिंग यांचा २०१२ चा अभ्यास वाचावा. २००१ च्या जनगणनेतील वॉर्डवार आकडे घेऊन त्यांनी देशातील सात मोठी महानगरे तपासली. त्यांचा निष्कर्ष असा की, वस्त्यांची विभागणी आर्थिक स्थितीपेक्षा जातीनुसार अधिक आहे. म्हणजे आपलाही एक नकाशा आहे. तो फक्त जनगणनेच्या तक्त्यांत पडून आहे.

मुंबईत गोवंडीचे शिवाजीनगर, बैंगनवाडी यांचे उपग्रहचित्र कोणीही उघडून पाहावे. चौकोनी प्लॉट, अरुंद गल्ल्या, छपराला छप्पर, शेजारी देवनारचे डम्पिंग. आतल्या गल्ल्यांत हिरवा ठिपका शोधावा लागतो. झाड पानांतून पाणी बाहेर टाकते आणि आसपासची हवा थंड करते. सिमेंट दिवसभर उष्णता पिते आणि रात्री ओकते. यात गूढ काही नाही.

मात्र उपग्रहावर डोळे झाकून विश्वास ठेवण्याचे कारण नाही. तो हवेचे नव्हे, पृष्ठभागाचे तापमान सांगतो. लँडसॅटच्या उष्णतामापकाची एक चौकट शंभर मीटरची. तिच्यात दहा बाय पंधराच्या शेकडो खोल्या मावतात आणि त्या सर्वांचा मिळून एकच आकडा येतो. तो आपल्याकडून जातो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास. पत्र्याखाली लेकराला वारा घालत जागणाऱ्या बाईची रात्र त्याला दिसत नाही. त्याहून मोठी अडचण पत्र्याचीच आहे. नवा चकचकीत पत्रा उष्णतेचे किरण कमी सोडतो, म्हणून हिशेबात योग्य दुरुस्ती केली नाही तर उपग्रहाला तो असतो त्यापेक्षा थंड भासतो. जी खोली भट्टी झालेली असते ती नकाशावर सौम्य रंगात येऊ शकते! अंतराळ स्थानकावर २०१८ साली बसवलेले इकोस्ट्रेस हे उपकरण रात्रीही आणि अधिक बारकाईने मोजते. तरी खोलीतले तापमान खोलीतच मोजावे लागेल. साधा थर्मामीटर, एक वही आणि वस्तीतील चार शिकलेल्या मुली हे काम करू शकतात. छप्पर कशाचे, वेळ कोणती, घरात माणसे किती, एवढे लिहिले तरी पुरे.

दुसरा धोका आमच्या व्यवसायात रोज दिसतो. अतिक्रमणाच्या प्रकरणांत उपग्रहाची छायाचित्रे दाखल होतात, ती बहुधा अमुक तारखेला ही झोपडी नव्हती हे दाखवण्यासाठी. उद्या उष्णतेचा नकाशाही असाच येईल. 'येथे फार तापते, राहण्यास अयोग्य, सबब वस्ती हलवा.' वस्ती हलवून उरलेल्या जागेवर बाग होईल आणि नकाशा थंड दिसेल. माणसे मात्र शहराच्या टोकाला दुसऱ्या पत्र्याखाली गेलेली असतील. म्हणून मागणी नेमकी हवी. आहे त्याच जागी छपरे थंड करा, सावली द्या, पाणी द्या, वीज द्या. हे अशक्य नाही. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १३४४ अधिक मृत्यू झाल्यावर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघात रोखण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा लेप देण्याचे कामही हाती घेतले.

कायद्याचा आधार आहे. माळढोक पक्ष्यासंबंधीच्या एम. के. रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ रोजी हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ व २१ मध्ये आहे, असे मान्य केले. खटला पक्ष्याचा, हक्क माणसाचा. हरकत नाही, तो वापरावा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप विकास योजनेवर कोणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. आपल्या वस्त्यांतून येणाऱ्या हरकती बहुतेक वेळा घर वाचवण्यापुरत्या असतात आणि ते स्वाभाविक आहे. परंतु योजना साधारण वीस वर्षांसाठी होते. त्या हरकतीला वॉर्डाचा तापमान नकाशा, थर्मामीटरच्या नोंदींची वही आणि अनुसूचित जातींच्या लोकसंख्येचा तक्ता जोडला पाहिजे. नकाशा संगणकावरून काढलेला असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र न्यायालयासाठी आधीच करून ठेवावे. ऐनवेळी धावपळ होते.

२०२७ च्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. ते आकडे केवळ राज्य आणि जिल्हा पातळीवर छापून सरकारने मोकळे होऊ नये. वॉर्डनिहाय आकडे खुले करण्याची मागणी आतापासून, लेखी आणि पोच घेऊन करावी.