वळते, वजा आणि पासंग

उल्हासनगरच्या एका किराणा दुकानात मध्यंतरी कानावर पडले, “मागचे चाळीस वळते करून घ्या, शेठ.” गिऱ्हाईक आगरी, दुकानदार सिंधी, पण अर्थ सांगावा लागला नाही. पाटाचे पाणी वळवावे तसा पैसा हाताला न लागता एका खात्यातून दुसऱ्यात जातो, म्हणून तो ‘वळता’. ‘वजा’ अरबीतून आला आणि ‘वजावट’ त्यावरून. ‘फिट्टंफाट’ मात्र आपल्या ‘फिटणे’मधला, त्यात व्याजाबरोबर मनातली अढीही फिटल्याचा सूर असतो.

तराजूने दिलेले शब्द मला अधिक बारीक वाटतात. तेल घ्यायला नेलेले रिकामे भांडे एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात त्याच्या वजनाचे काही टाकायचे, हा ‘धडा’ करणे. यात तराजूचा दोष नसतो. ‘पासंग’ फारसीतला; तो तराजूच एका बाजूला झुकत असेल तर हलक्या पारड्याला लावायचा. एवढासा तुकडा, म्हणून ‘पासंगालाही पुरत नाही’ म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी पासंग पाहिला असेल, कोण जाणे!

या शब्दांवर या गावात माणसांची घरे उभी आहेत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिचे उल्हासनगर झाले. १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे ‘क्लेम’ तपासले, पण ते स्थावराचेच. दुकानातला माल, उधारीच्या वह्या, बाजारातली पत यांना त्यात रकाना नव्हता. पुढे १९५४ च्या कायद्याने रोख रक्कम, रोखे किंवा सरकारी मालमत्ता असे मार्ग ठेवले. मालमत्ता घेतली तर तिची किंमत क्लेमच्या रकमेतून वळती व्हायची. रक्कमही पूर्ण मिळत नसे. क्लेम जितका मोठा, तितका मिळणारा हिस्सा कमी. म्हणजे तिकडचा वाडा एका पारड्यात आणि इकडची बरॅकीतली खोली दुसऱ्यात. पासंग कोणी लावायचा?

सरकारी मराठीत या सगळ्याला ‘समायोजन’ म्हणतात. अतिरिक्त शिक्षकांचेही समायोजनच होते. शब्द इतका गुळगुळीत की कोणाचे काय गेले ते कळू नये.

बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या ठाण्यावरून पडले, असे सांगतात. खरे असो वा नसो, ‘बदल’ आणि ‘मोबदला’ एकाच अरबी मुळाचे. मोबदला म्हणजे एकाच्या जागी दुसरे. भरपाईत खड्डा बुजायला हवा. बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा जमिनीबरोबर नोकरीचा प्रश्न आला, तो या दोन शब्दांमधल्या अंतरामुळेच.

त्या बाजूच्या एका आजींना मी हा फरक विचारला. त्यांनी मोजणीत धरलेली झाडे सांगितली, आणि मग न धरलेली सांगत बसल्या.