मोठ्या माशांच्या भेटीला, नायट्रोजनचा हिशेब मांडून

मालदीवच्या समुद्रात व्हेल शार्क आणि मांटा पाहण्याची सहल आखायची, तर सुरुवात परतीच्या विमानापासून करावी लागते. रविवारी दुपारी दोनचे विमान असेल, तर शेवटची बुडी शनिवारी सकाळीच उरकायला हवी. मग त्याआधीच्या दिवसांचा क्रम लावायचा आणि सगळ्यात शेवटी बोट निवडायची. बहुतेक जण नेमके उलटे करतात. आधी छायाचित्रे पाहून बोट ठरते, मग स्वस्त तिकीट मिळते आणि शरीराचा विचार बोटीवर पोहोचल्यावर, वैद्यकीय अर्ज हातात पडतो तेव्हा होतो.

अशा सहलींसाठी ‘लिव्हअबोर्ड’ बोटी असतात. प्रवासी आठवडाभर बोटीवरच राहतो, जेवतो, झोपतो आणि दिवसाला तीन, कधी रात्रीची धरून चार बुड्या मारतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलातून रोज ये-जा करून जिथे पोहोचता येत नाही, तिथे ही बोट रात्रीतून किंवा पहाटे नेऊन उभी करते. आठवड्यात पंधरा-अठरा बुड्या सहज होतात. या सहलीचे आकर्षण या आकड्यात आहे, तशी तिची जोखीमही.

मोठे प्राणी कुठे आणि का येतात?

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. मांटा म्हणजे आपल्या कोकणातल्या पाखटाचा अवाढव्य भाऊबंद. प्रवाळखडकांजवळ फिरणाऱ्या मांटाच्या पंखांचा विस्तार चार मीटरच्या आसपास जातो. हे दोन्ही प्राणी पाण्यातले सूक्ष्मजीव, म्हणजे प्लवक, गाळून खातात. म्हणून जिथे प्लवक साचते तिथे ते येतात आणि प्लवक कुठे साचेल हे मोसमी वारे ठरवतात.

मालदीव ही कंकणाकृती प्रवाळद्वीपांची रांग आहे. साधारण मे ते नोव्हेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि प्लवक कंकणांच्या पूर्वेकडच्या बाजूला जमते. मांटा तेव्हा पूर्वेला असतात. ईशान्य वाऱ्यांच्या काळात, म्हणजे साधारण डिसेंबर ते एप्रिल, चित्र पालटते आणि मांटा पश्चिमेकडे सरकतात. दक्षिण अरी कंकणाच्या कडेला मात्र व्हेल शार्क वर्षभर दिसतात. त्यांत पाच-सात मीटर लांबीचे, वयात न आलेले नर जास्त असतात.

यातून एक अडचण उभी राहते. हिवाळ्यात समुद्र शांत असतो आणि पाणी नितळ, पण प्लवक कमी. पावसाळ्यात प्लवक भरपूर, मात्र त्यामुळेच पाणी गढूळ दिसते आणि बोट हेलकावे खाते. ‘सगळ्यांत चांगला महिना’ असा काही नसतो. कोणता प्राणी पाहायचा हे आधी ठरवावे, मग महिना.

प्रवाहात उतरण्याची पात्रता

शार्क म्हणजे मुशी पाहायच्या, तर कंकणाच्या कड्यात पडलेल्या खिंडींच्या तोंडाशी जावे लागते. स्थानिक दिवेही भाषेत त्यांना ‘कांडू’ म्हणतात. भरतीचे स्वच्छ पाणी खुल्या समुद्रातून या खिंडीतून आत शिरते आणि ग्रे रीफ शार्क तोंडाशी प्रवाहात तरंगत राहतात. डायव्हरला तिथे झपाट्याने खाली उतरून मृत खडकाला आकडा अडकवून थांबावे लागते आणि परतताना मोकळ्या पाण्यात वाहत जात, खुणेचा फुगा वर सोडून, बोटीची वाट पाहावी लागते.

मालवणजवळ प्रशिक्षकाचा हात धरून केलेली पंधरा-वीस मिनिटांची बुडी हा आनंदाचा अनुभव असतो, पण ते प्रशिक्षण नव्हे. ‘ओपन वॉटर’ हे पहिले प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचे, तर ‘अॅडव्हान्स्ड’ ३० मीटरपर्यंतचे. मालदीवमध्ये हौशी डायव्हरना ३० मीटरच्या खाली जाण्यास मनाई आहे. खिंडींच्या मार्गावर जाणाऱ्या बऱ्याच बोटी ‘अॅडव्हान्स्ड’ प्रमाणपत्र आणि पन्नासेक बुड्यांची नोंदवही मागतात. ही अट जाचक वाटली, तरी तिच्यामागे कारण आहे. समोर सहा मीटरचा मासा आला की माणसाचा श्वास वाढतो, हवेच्या काट्याकडे लक्ष राहत नाही आणि तो नकळत माशामागे खोल जातो किंवा भराभर वर येतो. तरंगण्यावरचा ताबा हातापायात मुरलेला असेल, तरच अशा क्षणी तो टिकतो.

रक्तातला नायट्रोजन

पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. त्या दाबाने श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो. वर येताना दाब हळूहळू कमी झाला, तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो. दाब अचानक कमी झाला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे बुडबुडे बनतात. हाच ‘डीकॉम्प्रेशन’ आजार.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये सहकाऱ्यांसह सुरक्षितपणे वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांच्या लक्षात आले की शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने नायट्रोजन घेत किंवा सोडत नाहीत. आजच्या डाइव्ह कॉम्प्युटरमधले गणितही याच कल्पनेवर चालते. काही कप्प्यांतला जादा नायट्रोजन पाच मिनिटांत निम्मा होतो, तर सर्वांत मंद कप्प्याला त्यासाठी दहा तासांहून अधिक वेळ लागतो. रोज तीन-चार बुड्या मारणाऱ्याचे हे मंद कप्पे रात्रीच्या झोपेत पूर्ण रिकामे होत नाहीत. दुसऱ्या सकाळी तो कालची थोडी शिल्लक घेऊनच पाण्यात उतरतो. पाचव्या-सहाव्या दिवशी ही शिल्लक सर्वांत जास्त असते. नेमक्या त्याच वेळी अंग थकलेले असते आणि आत्मविश्वास वाढलेला.

विमानाचा प्रश्न इथेच येतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. समुद्रसपाटीवर विरघळलेला राहिलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे बनू शकतो. म्हणून ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ ही संस्था अनेक दिवस बुड्या मारल्यावर विमानाआधी किमान १८ तास थांबण्याचा सल्ला देते. लिव्हअबोर्डनंतर २४ तास धरणे शहाणपणाचे. दक्षिणेकडच्या बेटांवरून मालेला आणणारे देशांतर्गत विमानही या हिशेबात धरायचे असते, हे तिकीट काढताना हमखास विसरले जाते.

नायट्रॉक्स या मिश्रणाचा इथे खरा उपयोग होतो. साध्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, प्रचलित नायट्रॉक्समध्ये ३२ टक्के. तेवढा नायट्रोजन कमी. ३० मीटरवर नायट्रॉक्स घेणाऱ्याच्या शरीरात, नायट्रोजनपुरते पाहिले तर, हवेवर २४ मीटरच्या आसपास असणाऱ्याइतकाच भार पडतो. मात्र जास्त ऑक्सिजन खोलवर विषारी ठरतो आणि झटके येऊ शकतात. त्यामुळे या मिश्रणाला खोलीची मर्यादा काटेकोर असते आणि त्यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. नायट्रॉक्स घेतले म्हणून जास्त वेळ खाली राहायचे ठरवले, तर मिळालेला फायदा तिथेच संपतो.

डॉक्टरांकडे दोन महिने आधी

पाण्यात उतरताच हातापायांतले बरेचसे रक्त छातीकडे सरकते आणि हृदयावर जादा काम पडते. प्रवाहाविरुद्ध पोहणे हा त्यावरचा श्रम. डायव्हिंगमधल्या मृत्यूंमध्ये हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. म्हणूनच डायव्हरसाठीच्या वैद्यकीय प्रश्नावलीत पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना धूम्रपान, कोलेस्टेरॉल आणि घरातला हृदयविकार यांबद्दल वेगळे विचारले जाते. वर्षभर खुर्चीत बसून काम आणि सुटीत एकदम अठरा बुड्या, हे गणित हृदयाला झेपेलच असे नाही. रक्तदाब, मधुमेह किंवा दमा असलेल्यांनी परस्पर ‘नाही’वर खूण करू नये. पूर्वी कधी फुप्फुस आपोआप फुटून छातीत हवा शिरली असेल, तर सहसा डायव्हिंगला परवानगी मिळत नाही.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधले जन्मापूर्वीचे छिद्र चारपैकी सुमारे एका माणसात पूर्ण बुजलेले नसते. एरवी त्याचा त्रास नसतो. पण त्यातून बुडबुडे फुप्फुसांची गाळणी चुकवून थेट धमन्यांत जाऊ शकतात. प्रत्येकाने त्यासाठी तपासणी करण्याची गरज नाही. मात्र पूर्वी नियम पाळूनही डीकॉम्प्रेशनचा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांशी हे बोलून घ्यावे.

सर्दी ही क्षुल्लक वाटणारी अडचण सहल मोडणारी ठरते. नाक चोंदलेले असेल तर मध्यकर्णातला दाब बरोबर होत नाही. औषधाने नाक मोकळे करून उतरावे, तर औषधाचा असर पाण्याखालीच ओसरू शकतो आणि वर येताना हवा अडकते. बोट लागण्यावरच्या गोळ्यांनी झोप येते. त्या घरीच एखाद्या दिवशी घेऊन पाहाव्यात, पहिल्या बुडीच्या सकाळी नव्हे. पाणी भरपूर प्यावे आणि मद्य टाळावे. पाण्यात राहिल्याने लघवी वाढते आणि उष्ण हवेत घामही जातो.

बोट निवडताना विचारायचे प्रश्न

२ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सांताक्रूझ बेटाजवळ ‘कन्सेप्शन’ या डायव्हिंग बोटीला आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेल्या ३४ जणांचा मृत्यू झाला. आगीचे नेमके कारण निश्चित झाले नाही. पण झोपण्याच्या जागेतून बाहेर पडण्याच्या दोन्ही वाटा वरच्या एकाच दालनात उघडत होत्या आणि रात्री गस्त घालणारे कोणी जागे नव्हते, हे चौकशीत पुढे आले.

म्हणून बोटीच्या जेवणाच्या यादीआधी काही प्रश्न विचारावेत. रात्रभर पहारा असतो का? केबिनमधून बाहेर पडण्याच्या दोन वाटा वेगवेगळ्या ठिकाणी निघतात का? कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या कुठे चार्ज होतात आणि तिथे रात्री लक्ष ठेवायला कोण असते? शुद्ध ऑक्सिजन किती आहे आणि तो द्यायचे प्रशिक्षण किती जणांना आहे? जवळचा दाबकक्ष किती तासांवर? मालेजवळच्या बांडोस बेटावर असा कक्ष आहे, पण दूरच्या कंकणांवरून तिथे पोहोचायला वेळ लागतो. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग वगळलेले असू शकते. दाबकक्षातले उपचार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, हे कागदावर पाहून घ्यावे.

बुडीनंतर खांदा किंवा कोपर दुखणे, मुंग्या येणे, पोटावर किंवा मांडीवर जाळीदार चट्टे उठणे, चक्कर, न पेलणारा थकवा, ही डीकॉम्प्रेशनची लक्षणे असू शकतात. ‘टाकी उचलताना लचक भरली असेल’ असे म्हणून अनेक जण वेळ घालवतात. लक्षण दिसताच सांगावे आणि ऑक्सिजन सुरू करावा. बरे वाटले तरी डॉक्टरांचा सल्ला चुकवू नये.

प्राण्यांच्याही मर्यादा

बा कंकणातल्या हनिफारू उपसागरात पावसाळ्यात कधी कधी शंभराहून अधिक मांटा एकाच वेळी चरायला जमतात. तिथे २०१२ पासून स्कूबाला बंदी आहे आणि फक्त नळी लावून पृष्ठभागावर पोहता येते. मालदीवने व्हेल शार्कना १९९५ मध्येच संरक्षण दिले आणि २०१० मध्ये शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. तिथे आज मुशी दिसतात, त्यात या नियमांचा वाटा आहे. प्राण्यापासून तीन-चार मीटर अंतर ठेवावे, स्पर्श करू नये आणि त्याच्या वाटेत आडवे येऊ नये. मांटा छोट्या माशांकडून अंग साफ करून घ्यायला ठरावीक खडकांवर येतात. तिथे डायव्हर स्थिर राहिला, तर मांटा पुन्हा पुन्हा डोक्यावरून जातो. पाठलाग केला, तर निघून जातो.

अशा आठवड्यात निदान एक बुडी सोडून देण्याची तयारी आधीच मनाशी ठेवलेली बरी. कान दुखत असेल, रात्री झोप झाली नसेल किंवा प्रवाह आवाक्याबाहेरचा वाटत असेल, तर ‘मी या वेळी येत नाही’ असे म्हणण्याचा हक्क प्रत्येक डायव्हरला असतो आणि चांगला मार्गदर्शक त्याचे कारणही विचारत नाही. पैसे भरले आहेत म्हणून उतरणाऱ्याला समुद्र सवलत देत नाही. वरच्या डेकवर बसून काढलेला तो तास वाया जात नाही, कारण तेवढ्या वेळात रक्तातला आणखी थोडा नायट्रोजन श्वासावाटे बाहेर पडलेला असतो.