सायडरची गोडी आणि बाटलीतला दाब
सफरचंदाचा रस आंबवून केलेला घरगुती सायडर इंग्लंडच्या हियरफर्डशर-सॉमरसेट भागात शतकानुशतके होत आला आहे. तो पहिल्यांदा चाखणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो की सफरचंदाची गोडी गेली कुठे? ती यीस्टने खाल्लेली असते. सफरचंदातल्या ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या तिन्ही साखरा यीस्टला पचतात. हायड्रोमीटरवर १.०५०च्या आसपास असलेला रस आंबून १.०००वर, कधी त्याच्याही खाली उतरतो आणि पेय अगदी कोरडे होते. मग बाटल्या भरताना साखर घालावी असे कुणालाही वाटेल. माझे म्हणणे असे, की गोडी आणि फेस ही दोन कामे एकाच साखरेवर सोपवू नयेत.

बाटलीत साखर घालण्याची रीत जुनी आहे. क्रिस्टोफर मेरेट यांनी १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात वाइन फेसाळ करण्यासाठी साखर आणि काकवी घालण्याचा उल्लेख सापडतो. पण ती साखर फेसासाठी होती, गोडीसाठी नव्हे, आणि सगळा फरक प्रमाणात आहे. आंबलेल्या साखरेच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरला सहा ते आठ ग्रॅम साखर पुरेसा फेस देते. जिभेला ठळक गोडी हवी तर पंचवीस-तीस ग्रॅम लागतात. शॅम्पेन बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात तेव्हा लिटरला सुमारे चोवीस ग्रॅम साखर घालतात आणि आतला दाब वातावरणाच्या सहापट होतो. म्हणून तिची काच जाड असते आणि बूच तारेने जखडलेले असते. तेवढीच साखर जिवंत यीस्टसह बिअरच्या साध्या बाटलीत घातली, तर काच फुटून हातात, डोळ्यांत जाऊ शकते. शिवाय ज्या गोडीसाठी ती घातली, ती यीस्टने पुन्हा खाल्लेलीच असते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आंबणे कधीच थांबले आहे, सायडर नितळ झाला आहे, आता कसली भीती? पण आंबणे थांबले ते खाद्य संपल्यामुळे. नितळ दिसणाऱ्या सायडरमध्येही यीस्टच्या असंख्य पेशी उरतात आणि साखर मिळताच कामाला लागतात. फ्रिजमध्ये त्या मंदावतात, मरत नाहीत. बाटली बाहेर राहिली की दाब पुन्हा चढतो. पोटॅशियम सॉर्बेटही यीस्टला मारत नाही, फक्त त्याची वाढ रोखते. त्याच्या जोडीला सल्फाइट लागते, नाहीतर लॅक्टिक जिवाणू सॉर्बेटपासून जिरेनियमच्या पानांसारखा नकोसा वास निर्माण करतात. ही जोडी नीट वापरली तर गोड सायडर टिकतो, पण मग बाटलीत फेस येत नाही. बिनफेसाचा गोड सायडर आवडत असेल त्याने हा मार्ग जरूर घ्यावा.

दोन्ही हवे असेल तर यीस्टला न पचणारा गोडवा घालावा, उदाहरणार्थ एरिथ्रिटॉल किंवा सुक्रालोज, आणि फेसापुरती साखर वेगळी मोजावी. अशा गोडव्याची चव वेगळी लागते, हा आक्षेप मला मान्य आहे. नॉर्मंडीत यावर सुंदर तोड आहे. तिथे रसातले पेक्टिन जेलीसारखे वर आणून यीस्टचे पोषक घटक त्याच्याबरोबर काढून घेतात. आंबणे इतके संथ होते की रसाची स्वतःची गोडी शिल्लक राहते. पण त्यासाठी योग्य फळ, थंडी आणि सराव लागतो. भरलेल्या बाटल्या गरम पाण्यात ठेवून यीस्ट मारण्याचा उपायही अनेकजण करतात, मात्र तापवताना आतला दाब वाढतो आणि नवख्याच्या हातून नेमका तिथेच अपघात होतो. म्हणून घरच्यासाठी मी कोरडा, फेसाळ सायडरच सुचवीन. लिटरला सहा-सात ग्रॅम साखर वजन करून घालावी. त्याच सायडरने सोड्याची एक प्लास्टिक बाटली भरून बाकीच्यांशेजारी ठेवावी. ती दाबल्यावर टणक लागली की फेस तयार झाला, बाटल्या थंडाव्यात हलवाव्यात. गोडी ज्याला हवी त्याने आपल्या पेल्यात सफरचंदाचा ताजा रस ओतून घ्यावा.