टायर गोटा झालाय का?

मुलांनो, डिसेंबरातली सकाळची शाळा म्हणजे स्वेटर, कानटोपी आणि आईच्या किंवा बाबांच्या गाडीवर मागे घट्ट धरून बसणं! दव पडलं की पौड रोडवरची धूळ ओली होते आणि गाडी घसरू शकते.

युरोपात थंडीसाठी स्कूटरचेही खास टायर मिळतात. पारा साधारण ७ अंशांखाली गेला की नेहमीचं रबर कडक होतं, रस्ता नीट धरत नाही. कोथरूडमध्ये एवढा गारठा क्वचितच, तेव्हा ते टायर आपल्याला नकोत. आपल्याला हवी खोल नक्षी. रस्त्यावरचं पाणी, चिखल त्या खाचांत शिरतो आणि रबर रस्त्याला टेकतं. कायद्याने दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर खोली लागते, म्हणजे पट्टीवरच्या एका बारीक घराहून कमी! माझ्या मते तेवढी झीज होईपर्यंत थांबूच नये.

नवा टायर घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. ४५२४ म्हणजे २०२४ सालचा ४५वा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर स्वस्त मिळाला तरी नको.

आणि हवा? तापमान पाच-सहा अंश उतरलं की दाब सुमारे १ पौंड घटतो. दुपारी ३० अंश असताना भरलेली हवा पहाटे १२ अंशांना तीनेक पौंड कमी भरते. म्हणून गाडी थंड असतानाच हवा तपासायची. किती भरायची ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा बहुधा जास्त असतो. ते मागे बसणारे तुम्हीच, दप्तरासकट!